भेडाघाटची नर्मदा

गंगास्नानाचे पुण्य नर्मदेच्या केवळ दर्शनाने लाभते, अशी जुनी श्रद्धा आहे. भेडाघाटी धुवांधारचे तुषार अंगावर घेऊन संगमरवरी कड्यांतील ते संथ, खोल पात्र पाहिले म्हणजे ती नवलाची वाटत नाही. तरी नर्मदेची खरी पूजा पायांनीच व्हावयाची! नदी सदैव उजव्या हातास ठेवावी, पात्र ओलांडू नये, हा परिक्रमेचा दंडक. मुखाशी मात्र समुद्रातून नावेने पलीकडे जाता येते. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने ही वाट मराठी घरांत आणली. १९९० मध्ये भेडाघाटच्या वरच्या अंगास बरगी धरण पुरे झाले आणि काठची कित्येक गावे व जुन्या वाटा जलाशयाखाली गेल्या. परिक्रमावासी आता त्या पाण्याला दुरून वळसा घालतात. नावेने पलीकडे गेल्यास परिक्रमा खंडित होते.