निखारा, नाचणी आणि मुळशीचा पाऊस

शनिवारची संध्याकाळ झाली की मुळशी धरणाच्या काठानं, पार ताम्हिणीपर्यंत, जागोजागी शेगड्या पेटतात. कुणी चिकन लावतं, कुणी पनीर आणि कणसं, कुणी धरणातला मासा. आत स्वयंपाकघरात मुलं कुकीजचं पीठ मळत असतात. घरी नवं काही करून बघायची ही हौस मला मोलाची वाटते. ती बिघडते ती बहुतेक वेळा आचेबद्दलच्या ऐकीव समजुतींमुळे.

जाळ मोठा तर भाजणं झटपट, ही त्यातली पहिली समजूत. जाळानं वरचं करपतं आणि आतलं कच्चं राहतं. भाजायला हवी ती निखाऱ्याची धग. कोळशावर राखेचा पांढरट थर धरेपर्यंत थांबावं लागतं. चुलीवर भाकरी करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. तव्यावरची भाकरी ती निखाऱ्यापुढे उभी करून शेकते. शेगडीत निखारे एका बाजूला ओढावेत. त्यांच्यावर रंग आणावा, मग तुकडे दुसऱ्या बाजूला सरकवून सावकाश शिजू द्यावेत.

घाट उतरून रायगडात गेलं की हिवाळ्यात पोपटी लागते. तीही भाजलेलीच असते असं अनेकांना वाटतं. खरं तर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आणि पाल्यातल्या ओलाव्याची वाफ आतच कोंडते आणि सगळं त्या वाफेवर शिजतं. घरी जाळीवर पोपटीची चव शोधणाऱ्यानं म्हणून झाकणाचा विचार आधी करावा.

कडक आचेवर मांस परतलं की त्यातला रस आत बंद होतो, हेही खरं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी १८४७ मध्ये ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे मांस शिजण्याआधी आणि नंतर तोलून पाहिलं, तेव्हा रस तसाही गळतो हे स्पष्ट झालं. कडक आचेनं मिळते ती तांबूस खरपूस चव. तिच्यामागची प्रक्रिया फ्रेंच संशोधक मैयार यांनी १९१२ मध्ये मांडली. रस टिकतो तो वेळेवर उतरवल्यानं.

मसाला रात्रभर मुरला की आतपर्यंत जातो, असं म्हणतात. मीठ हळूहळू खोल उतरतं. हळद, तिखट, आलं-लसूण मात्र जेमतेम काही मिलिमीटर. माशाला चिरा पाडतात त्या यासाठीच. लिंबात मासा फार वेळ ठेवला तर तो भुसभुशीत होतो. चिकन झालं की नाही हे रंगावरूनही ठरत नाही. सर्वांत जाड भागाचं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की ते खाण्याजोगं.

पुढचा गैरसमज जिवावर बेततो. ताम्हिणीचा पाऊस ठाऊक असलेल्यांना पुढचं दृश्य नवं नाही: सर आली की शेगडी उचलून पडवीत, खोलीत किंवा तंबूत आणली जाते. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं वाटतं. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखी वाटतात, म्हणून माणूस झोपायला जातो. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. विझत आलेली शेगडीसुद्धा ऊब म्हणून आत आणू नये. कुणाला असा त्रास झालाच तर लगेच मोकळ्या हवेत न्यावं आणि दवाखाना गाठावा.

आता कुकीज. मुळशीच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते, तेव्हा मैद्याऐवजी ती वापरणं उत्तमच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. पण नाचणीची म्हणून कुकी हवी तितकी खावी, हे चूक. तूप आणि साखर तितकीच पडते. गूळ घातल्यानंही फार फरक पडत नाही, कारण गूळ बहुतांशी साखरच आहे. नाचणीत ग्लुटेन नसल्यानं कुकी फुटते. थोडी कणीक मिसळली की ती धरून राहते.

लोणी आणि तूप एकमेकांच्या जागी चालतात, हाही भ्रम. बाजारच्या बटरमध्ये साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. तुपाची नानकटाई खुसखुशीत होते ती त्यामुळे. ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाचं पातेलं, आत स्टँड आणि वर घट्ट झाकण पुरे. प्रेशर कुकर मात्र कोरडा तापवू नये.

बाहेर काढताना कुकी मऊ लागली म्हणजे ती कच्ची, असं समजून अनेकजण ती परत आत सारतात आणि बूड जाळतात. कडा तांबूस झाल्या की काढावी. गार होताना ती घट्ट होते. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा नरम पडली तर ती शिळी झालेली नसते, हवेतला ओलावा तिनं शोषलेला असतो. मंद आचेवर काही मिनिटं ठेवावी, पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.