खांद्यातला पू निघाला, पुढे हाताचे काय?



खांद्याच्या सांध्यात पू झाला, ऑपरेशन करून सांधा धुतला, टाके निघाले, की घरची मंडळी समजतात दुखणे संपले. पण हात कामाला लागायला तिथून पुढे वर्षभरसुद्धा लागते, आणि नेमक्या त्याच काळात हात गळ्यात बांधून ठेवून पुष्कळजण नुकसान करून घेतात.

हा पू बहुतेक वेळा रक्तातून येतो. पाचटाने कापलेले चिघळते, गळू होते, लघवीत जंतू असतात. तिथले जंतू सांध्यात जाऊन बसतात. मधुमेह असेल तर धोका जास्त. खांदा ठणकतो, हात हलवू देत नाही. ताप येतो, पण म्हाताऱ्या माणसाला येईलच असे नाही. अशा वेळी लेप लावण्यात आणि चोळण्यात दिवस घालवू नयेत. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा पुवाने काही दिवसांतच झिजते आणि ती पुन्हा उगवत नाही. पुढे हात किती चालणार, हे बरेचसे इथेच ठरते.

खांद्याचा गोळा मोठा, खोबण उथळ. त्याला जागेवर धरतात ते भोवतीचे चार स्नायू. हात सरळ वर नेतो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश गोळा फिरतो, बाकीचे ६० पाठीवरचा फरा. म्हणून गोळा आखडला तरी माणूस जेवतो, सही करतो, म्हशीची धार काढतो. अडतो तो मोळी डोक्यावर घेताना. बायांना वेणी घालता येत नाही. स्नायूंच्या दोऱ्या पुवाने तुटल्या असतील तर हात वर जाणे आणखी अवघड. त्या शाबूत आहेत का, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

डॉक्टरांनी परवानगी दिली की व्यायाम सुरू करावा. पुढे वाकून चांगला हात टेबलावर टेकावा आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता ठेवून हळूहळू गोल फिरवावा. मग भिंतीवर बोटे चढवत न्यावीत. कुठवर गेली तिथे कोळशाने खूण करावी, म्हणजे पुढच्या आठवड्यात फरक दिसतो. तुळईला कप्पी बांधून चांगल्या हाताने दोर ओढून दुखरा वर न्यावा. थोडे थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा. वजन उचलणे सगळ्यांत शेवटी. जंतुनाशक औषध साधारण तीन ते सहा आठवडे चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

हाडच सडले असेल तर गोळा काढावा लागतो. जंतू पुरते गेल्यावर काहींना कृत्रिम सांधा बसवतात. दुखणे बरेच कमी होते, पण हात डोक्यावर पूर्ण जाईल ही आशा फारशी धरू नये.

तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ वरच्या टोकाकडून होते. तिथे पू झाला तर मूल मोठे होता होता दंड आखूड राहू शकतो, म्हणून त्याला वाढ पुरी होईपर्यंत तपासणीला न्यावे.

एकदा कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, व्रण लाल-गरम झाला, पाणी सुटले किंवा ताप आला, तर मग सहा महिने उलटलेले असोत, त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तोडणी चालू असली तरी.