धबधब्यात वाजते ती हवा

येडशीच्या रामलिंगचा धबधबा वाहू लागला की बातमी आणि सोबत गर्दीचा फोटो येतोच. फोटोत येत नाही तो त्याचा आवाज, आणि तो नुसत्या पाण्याचा नसतोच मुळी. पाण्यावर पाणी आपटल्याचा आवाज किरकोळ. खरा गलबला करतात ते धारेबरोबर डोहात कोंडले गेलेले हवेचे बुडबुडे.

कोंडलेली हवा दबते, फुगते, पुन्हा दबते. भोवतालचं पाणी तिच्याबरोबर थरथरतं. शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये याचं गणित मांडलं. बुडबुडा जितका मोठा तितका स्वर खाली. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३३०० वेळा कंप पावतो, दोन सेंटिमीटरचा सुमारे ३३० वेळा. म्हणून ओहोळाची झुळझुळ बारीक आणि भरल्या धबधब्याचा घोष खर्जातला. आपल्या सी. व्ही. रामन यांनीही आशुतोष डे यांच्यासह १९२० मध्येच पाण्याच्या 'डुबुक' आवाजावर निबंध लिहिला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

मला मात्र यात सगळ्यात आवडले ते केंब्रिजचे संशोधक अनुराग अगरवाल. ब्राझीलमध्ये मित्राकडे मुक्कामाला असताना छत गळत होतं आणि खालच्या बादलीतल्या टपटपीने त्यांची झोप उडाली. दुसरा कुणी मित्रावर चिडला असता. यांनी प्रयोगशाळेत कॅमेरा आणि मायक्रोफोन लावले. थेंब पडतो, पाण्यात खळगा होतो, तो भरून येताना तळाशी इवलासा बुडबुडा अडकतो. तो थरथरला की खळग्याचा तळही दट्ट्यासारखा वरखाली होतो आणि आवाज हवेत शिरतो. थेंब आपटतो तो क्षण जवळजवळ मुका असतो! २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, उपायासह: बादलीत भांडी घासायचं थोडं लिक्विड टाका. पृष्ठताण उतरतो, बुडबुडा अडकत नाही, टपटप थांबते. गळक्या पत्र्याखालच्या पातेल्यात आजच करून पाहण्यासारखं आहे. छत दुरुस्त होत नाही, एवढीच उणीव.

फुटणाऱ्या बुडबुड्याचं प्रकरण वेगळं. तिथे पातळ पडदा फाटून आकसतो, आतली दाबलेली हवा सुटते. साबणाच्या फुग्याचा हा आवाज इतका नाजूक की तो टिपायला पॅरिसच्या संशोधकांना भोवती मायक्रोफोन मांडावे लागले.

रामलिंगला साबणाचा प्रयोग नको, ते अभयारण्य आहे. आणि ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू द्या. धारेखाली घोष ऐकून झाला की डोहाच्या कडेला या. बारीक बुडबुड्यांचे वरचे स्वर तिथे वेगळे ऐकू येतात.