बारवर वजन कधी वाढवायचं?

पुण्यातल्या बऱ्याच जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट २.५ किलोची. दोन्ही बाजूंना लावली की थेट ५ किलो वाढले. १२० किलोच्या डेडलिफ्टला ही वाढ साधारण ४ टक्के. ४० किलोच्या बेंच प्रेसला साडेबारा! म्हणूनच बेंच आधी अडतो. १.२५ किलोच्या प्लेटांची जोडी घेऊन बॅगेत ठेवा. कोणी हसलं तर हसू दे.

नवख्यानं सगळे सेट नीट झाले की पुढच्या वेळी वाढवावं. सरावल्यावर आठवड्याला, मग महिन्याला. स्क्वॉटच्या शेवटच्या रेपला गुडघे आत येतायत? डेडलिफ्टला कंबर गोल होतेय? तेच वजन पुन्हा. पेठांमधल्या तालमींत वस्ताद जोर-बैठकांचा आकडाही बेताबेतानंच चढवतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतसुद्धा वजन सहसा २.५ किलोच्या पटीतच मागतात.