शिरेतला फिल्टर : बसवला, पण काढायचा कधी?

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, म्हणजे डीव्हीटी झाली, की मोठी भीती असते ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. अचानक धाप लागते, छातीत दुखते, आणि गुठळी मोठी असेल तर जीवही जाऊ शकतो.

फिल्टर कोणाला लागतो?
डीव्हीटीचा मुख्य उपचार म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे. बहुतेक रुग्णांना तेवढी पुरतात. पण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, पोटात अल्सरमधून रक्त जात असेल किंवा नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल, तर ही औषधे देता येत नाहीत. अशा वेळी फिल्टरचा विचार होतो. औषधे नीट घेऊनही गुठळ्या फुप्फुसात जात असतील, तरीही कधी कधी तो बसवावा लागतो.

तो काम कसा करतो?
पायांकडचे रक्त पोटातल्या मोठ्या शिरेतून, इन्फिरिअर व्हेना केव्हामधून, हृदयाकडे जाते. फिल्टर म्हणजे या शिरेत बसवलेली छत्रीच्या काड्यांसारखी धातूची बारीक जाळी. रक्त वाहत राहते, मोठी गुठळी अडते. मान किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून, एक्स-रेवर पाहत तो बसवतात. बहुधा जागा बधिर करणे पुरते. मात्र फिल्टर गुठळी विरघळवत नाही, नवीन होण्यापासूनही थांबवत नाही. म्हणून धोका टळताच औषधे सुरू करावी लागतात.

काढणे का महत्त्वाचे?
फिल्टर जास्त काळ राहिला तर तो कलू शकतो, सरकू शकतो, त्याची काडी तुटू शकते किंवा शिरेच्या भिंतीत रुतू शकते. पायात पुन्हा गुठळी होण्याची शक्यताही वाढते. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये याबाबत इशारा दिला. २०१४ मध्ये तिने सांगितले की, फुप्फुसाचा धोका टळला असेल तर फिल्टर काढण्यासाठी बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांचा काळ अनुकूल दिसतो. प्रत्येक रुग्णाची वेळ मात्र डॉक्टरच ठरवतात.

काढताना सहसा मानेतल्या शिरेतून फास घालून फिल्टरचा हुक पकडतात आणि तो नळीत ओढून घेतात. बराच काळ गेला असेल तर काढणे अवघड होते, पण अनेकदा शक्य असते. काही रुग्णांना तो कायम ठेवावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?
रुग्ण बरा होऊन घरी येतो, धावपळ संपते आणि फिल्टर विसरला जातो. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच विचारा : हा फिल्टर काढता येण्याजोगा आहे का? कधी काढायचा? त्यासाठी कोणाला भेटायचे? उत्तरे आणि फिल्टरचे नाव फाइलवर लिहून घ्या, तारीख कॅलेंडरवर टाका.

फिल्टर असतानाही अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जा. पाय नव्याने सुजला किंवा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.