विज्ञान कोणत्या भाषेत? एक जुना वाद

दहावीचा निकाल लागला की आमच्या जुळे सोलापुरात घरोघरी एकच खल चालतो : अकरावीला सायन्स घ्यायचे की नाही? मराठी किंवा उर्दू माध्यमातली मुले गणितात चांगली असूनही इंग्रजी पुस्तकांच्या धास्तीने मागे सरतात. हा पेच आजचा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत यावरून चांगलीच जुंपली होती.

कोकणातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला 'दर्पण'कार म्हणून ठाऊक आहेत. ते गणिताचे अध्यापक होते, हे सहसा कोणी सांगत नाही. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी शिकवले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले. दादाभाई नौरोजी त्यांचेच विद्यार्थी. 1840 मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले. त्यात भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान हे विषय मराठीत येत. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही नवी विद्या कळावी, ही त्यामागची तळमळ. 1846 मध्ये, अवघ्या 34 व्या वर्षी, ते गेले.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या सरकारी शिक्षण मंडळात वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना वरचे शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. कर्नल जर्व्हिस विरोधात उभे राहिले; त्यांनी 1820 च्या दशकात इंजिनिअरिंगचा वर्ग मराठी-गुजरातीतून चालवून दाखवला होता. मंडळातले तिन्ही हिंदी सदस्य जर्व्हिस यांच्या बाजूने गेले : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहीम मकबा.

मकबा कोकणी मुसलमान, पेशाने मुनशी. बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव आपल्या घरांत निघते, मकबांचे निघत नाही. आम्हाला याची खंत वाटते. सामान्य मुलाला त्याच्या भाषेत विद्या मिळावी म्हणून साहेबासमोर मत देणे, तेही त्या काळात, सोपे नव्हते.

अखेर पेरींचेच पारडे जड ठरले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले ते इंग्रजीचेच.

आज इंग्रजी टाळून चालणार नाही, हे आम्हीही मानतो. पण 'अपवर्तन' पाठ आणि 'रिफ्रॅक्शन'ही पाठ, तरी ग्लासातल्या पाण्यात चमचा वाकडा का दिसतो हे विचारले की मूल गप्प, असे किती घरांत होते! रात्री दस्तरखानावर एकदा मुलीला किंवा मुलाला हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर दखनीत दिले तरी चालेल.