वीटभट्टीवरची मुलं

दिवाळी सरली की मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबं कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतलेली असते; ती फेडायची ती पावसाच्या तोंडापर्यंत राबून. मजुरी दिवसावर नाही, हजार विटांवर मिळते. मूळ दुखणं इथेच आहे. जितके हात जास्त तितक्या विटा जास्त, म्हणून आई-बाप चिखल करतात, विटा थापतात आणि लेकरं ओल्या विटा उलटतात, वाहतात, धाकट्यांना सांभाळतात. हजेरीवर मुलांचं नाव कुठेच नसतं. आई-बापांना दोष देणं सोपं, पण अन्यायाचं आहे.

उचलीपोटी राबवून घेणं 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बालमजुरी कायद्याच्या 2016च्या दुरुस्तीने बंदी आहे. शाळेचं वर्ष मात्र स्थलांतरातच बुडतं. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. मजुरांची कच्च्या विटांची झोपडी म्हणजे भोंगा. शाळा मुलांपर्यंत गेली, हेच त्यातलं मोल.

भट्टीवर राबणारं मूल दिसलं तर 1098 वर फोन करा.